मंत्र्याच्या खिशातला डस्टर

मित्रांनो, मी एक जुना डस्टर आहे. पाठ लाकडाची, पोट जाड लोकरी पट्ट्यांचे. सुताराने मला महाविद्यालयासाठी घडवले आणि मी अर्थशास्त्राच्या सरांच्या हाती पडलो.

सरांची एक सवय होती. फळ्यावर काही चुकले, की ते मोठ्याने म्हणत, "माझं चुकलं. पुसतो आणि पुन्हा मांडतो." मुले आधी हसत, मग तीही तसेच म्हणू लागली. तास संपला, की मी सरांच्या कोटाच्या खिशात जाई. घरी त्यांच्या पत्नी विचारत, "अहो, हा कोट आहे की फळा?"

पुढे सर निवडणूक लढले, जिंकले आणि अन्नमंत्री झाले. दालनात त्यांनी फळा लावून घेतला. सचिवांनी नाक मुरडले, पण वर्तमानपत्रात माझे छायाचित्र झळकले. ते माझे सुखाचे दिवस.

त्या वर्षी पीक बुडाले. सरांनी सभागृहात सांगितले, की गोदामांत धान्य पुरेसे आहे, बाहेरून मागवायला नको.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ते सहज फळ्यावर गोदामांचे चौकोन आणि ट्रकांचे बाण काढत होते. एका बाणापाशी खडू थबकला. बंदरावरून डोंगराकडे हलवलेले धान्य दोन्ही गोदामांच्या हिशेबात धरले गेले होते. हीच चूक वर्गात त्यांनी किती मुलांची पकडली होती! आज सभागृहाने बाहेरून धान्य मागवायला मंजुरी दिली नाही, तर धान्याची जहाजे वेळेत येणार नव्हती. मग घाट बर्फाने बंद होणार आणि डोंगरातल्या गावांना पीठ मिळणार नव्हते.

तेवढ्यात पक्षाध्यक्ष आत आले. त्यांना सगळे तात्या म्हणत.

"प्रोफेसर, आज धान्याचा प्रश्न येतोय. पुरेसं आहे म्हणायचं आणि खाली बसायचं."

"तात्या, पुरेसं नाहीये. तेच धान्य आपण दोनदा मोजलंय."

"कुणाला कळलंय?"

"मला."

"मग कुणालाच नाही." तात्या हसले. "अहो, हा तुमचा वर्ग नाही. इथे चुकलं म्हणणाऱ्याला मार्क देत नाहीत, घरी पाठवतात."

"आणि डोंगरातली माणसं?"

"माणसं कळ काढतात. खुर्ची नाही काढत. फळा पुसा."

सरांनी मला उचलले. बाहेर सभागृहाची घंटा वाजली. त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि ते निघून गेले.

मग तात्यांनी मला हातात घेतले. चौकोन गेले, बाण गेले. मित्रांनो, डस्टरला नाही म्हणता येत नाही. ज्याच्या हाती पडतो, त्याचे काम करतो.

भिंतीवरच्या स्पीकरमधून सभागृहातले बोलणे ऐकू येत होते. कुणीतरी धान्याचा प्रश्न विचारला. तात्यांची बोटे माझ्या पाठीवर आवळली.

"माझं चुकलं," सरांचा आवाज आला. "पुसतो आणि पुन्हा मांडतो."

आणि कोरा फळा माझ्यासमोर असताना सरांनी तिकडे एकेक चौकोन, एकेक बाण तोंडी मांडला. बाके बडवली गेली, हसण्याचा गदारोळ झाला. मग एका म्हाताऱ्या सदस्याने विचारले, "ते राहू द्या. जहाजं कधी येतील?"

तात्या खुर्चीत बसले. त्यांची शुभ्र बाही खडूने माखली होती.

जहाजे आली. मंत्रिपद गेले. सरांना न्यायला पत्नी आल्या. "कोट झटकू का?" त्यांनी विचारले.

"राहू दे. उद्यापासून पुन्हा भरणारच आहे."

घाईत मी मागेच राहिलो. आता फळ्याच्या जागी प्रोजेक्टरचा पडदा आहे आणि मी कपाटात. त्या दुपारचा खडू माझ्या पट्ट्यांत घट्ट बसला आहे.

मुलांनो, तुमच्या वर्गातल्या डस्टरला अधूनमधून उन्हात नेऊन झटकत जा. भरलेला डस्टर पुसत नाही, नुसते फरकाटे ओढतो. आणि पुसायला हात उचलाल, तेव्हा काय पुसता आहात ते आधी मोठ्याने म्हणा. सर म्हणत असत.