लाल खुराची पाठ

इतवारीच्या बाजारात लग्नाचे कपडे आणायला गेलेली रुखमाबाई येताना नेलपॉलिशची बाटली घेऊन आली, आणि तिच्या नवऱ्यानं, चंपतरावांनी, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं तोंड सोडलं.

"काहून वं, या वयात नखं रंगवतं काय?"

"चूप बसा तुम्ही."

बाटली मात्र भलतीच कामाची निघाली. लग्नघरी हरवणाऱ्या गंज-पातेल्यांच्या बुडाला ठिपका, छत्रीच्या मुठीला ठिपका. मग पाठीवर, म्हणजे बकरीच्या मादी पिल्लावर, पाळी आली.

गुडघ्याच्या दुखण्यानं रुखमाबाई चराईला जाऊ शकत नव्हती, म्हणून तिनं बकरी शेजारच्या सिंधूताईला बटईनं दिलेली. सांभाळ सिंधूचा, पिल्लं अर्धी-अर्धी. सिंधू म्हणजे पाठच्या बहिणीसारखी. बकरी व्याली, दोन पाठी झाल्या, दोन्ही काळ्याभोर. बकरी म्हातारी, पुन्हा विणार नव्हती. पुढं दारात बकरी राहील ती वाटणीच्या पाठीमुळेच. सिंधू चहा ठेवायला आत गेली की रुखमाबाई आपल्या वाटणीच्या पाठीच्या खुराच्या फटीत लाल रेघ ओढायची. नवऱ्यानं पुन्हा हसू नये, म्हणून कुणाला बोलली नाही.

एका सकाळी सिंधू रडतच आली. "तुही पाठ कुत्र्याईनं नेली वं, बाई!"

पाठ गेली होती रुखमाबाईची. तरी तीच सिंधूचे डोळे पुसत बसली.

त्याच आठवड्यात कामठीहून येताना ती पाणी प्यायला सिंधूच्या भावाकडे, देवरावकडे थांबली. दारात काळी पाठ. तिनं पाय उचलून पाहिला. लाल रेघ!

"ताईनं देली," देवराव म्हणाला. "तिच्या वाटणीची हाये म्हणे."

रुखमाबाईनं सगळं सांगितलं. तो बिचारा शरमला, दोर सोडून दिला.

पाठ कडेवर घेऊन ती सरळ सिंधूच्या अंगणात गेली. खूर दाखवला. सिंधू आधी पांढरी पडली, मग उसळली. "म्हंजे चोरून खुणा करून राहिली होती! माह्यावर भरोसाच नोयता तुहा!"

आसपासच्या बायका दारात आल्या. सिंधूचं खरं म्हणून दोघी-तिघींनी मानाही डोलावल्या. रुखमाबाईच्या अंगाची लाही झाली.

"भरोसा नसता," ती म्हणाली, "तं तू रडत आली तवा मी पाठ सोडून तुलेच काहून जवळ घेतलं असतं वं?"