एसीच्या जाळीतली पावडर

मास्तरांच्या खोलीतला एसी म्हणजे घरचा जावईच होता. त्याला कुणी हात लावायचा नाही, त्याच्याबद्दल वाकडं बोलायचं नाही आणि खिडकी उघडून त्याचा अपमान तर मुळीच करायचा नाही.

मास्तर म्हणजे बँडमास्तर. उभी हयात ट्रम्पेट फुंकण्यात आणि पोरांना फुंकायला शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं हा एसी घेतला तो बायकोसाठी. तिला उकाडा अजिबात सोसायचा नाही. आंघोळ करून आली की ती थेट एसीखाली उभी राहायची आणि मानेवर, गळ्यावर अशी सढळ हातानं पावडर थापायची की खोलीभर धुकं व्हायचं.

"अगं, भिंतीला चुना लावतेस की काय?" मास्तर विचारायचे.

"तुम्ही फुंका तुमची पिपाणी," ती म्हणायची.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. साड्यांचा वास हळूहळू उडाला, उशीचाही. मग एके दुपारी मास्तरांनी एसी लावला आणि पहिल्याच झोताबरोबर तिच्या पावडरचा वास आला. क्षणभरच. मास्तर खाटेवरून उठून उभेच राहिले. तेव्हापासून तेवढ्या एका झोतासाठी ते एसी बंद करायचे आणि पुन्हा लावायचे. साफ करणारा माणूस आला की "चांगला चाललाय, उगाच उचकटू नकोस" म्हणून दारातूनच त्याची बोळवण करायचे. तिचं एवढं एकच उरलं होतं, ते ब्रशनं झाडून कसं जाऊ द्यायचं?

नात गारव्यासाठी त्यांच्यापाशीच झोपायची. आधी तिला सकाळच्या शिंका सुरू झाल्या, मग खोकला, मग जिना चढतानाही धाप लागायला लागली. सून दुपारी तिथेच पाठ टेकायची, तिचाही घसा कायमचा बसलेला. मास्तर स्वतः खोकायचे आणि त्याचं खापर म्हातारपणावर फोडून मोकळे व्हायचे.

शेवटी सून लेकीला दवाखान्यात घेऊन गेली. मास्तरही बरोबर गेले. डॉक्टरीणबाईंनी नातीची छाती तपासली आणि औषधाआधी घराचीच चौकशी केली. "एसी कधी साफ केलाय? जाळीवर धूळ बसते, ओल धरते, बुरशी येते. खोली बंद असली की पोर रात्रभर तीच हवा घेते."

सुनेनं मास्तरांकडे पाहिलं.

"मागच्याच महिन्यात केला," मास्तरांनी ठोकून दिलं. "माणूस येऊन गेला. तू नव्हतीस घरी."

"असं असेल तर दम्याचंच औषध सुरू करून बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नातीच्या हातात तोंडात मारायचा फवारा आला.

संध्याकाळी नातीनं ट्रम्पेटसाठी हट्ट धरला. "आजोबा, एकच सूर!" तिनं गाल फुगवून फुंकलं. सूर उठला, हेलकावला आणि मध्येच तुटला. पुढच्या शांततेत मास्तरांना दुसराच आवाज ऐकू आला. पोरीच्या छातीत बारीक शिट्टी वाजत होती.

"बरोबर आला ना?" तिनं धापा टाकत विचारलं.

"आला हं," मास्तर म्हणाले आणि तडक खोलीत गेले. बायकोला धरून ठेवायच्या नादात आपण नातीचा श्वास खर्ची घालतोय, हे त्यांना लख्ख कळलं होतं. त्यांनी स्टूल ओढलं, एसीचं झाकण उघडलं आणि जाळी बाहेर काढली. तिच्यावर पांढुरका थर होता, कडेनं काळे ठिपके.

आवाज ऐकून सून धावली. "बाबा, पडाल!" मग तिची नजर जाळीवर गेली. "हे मागच्या महिन्यात साफ केलेलं?"

"खोटं बोललो. तिची पावडर आहे यात. अजून वास येतो."

"मी रात्र रात्र पोरीची पाठ चोळत बसते, बाबा!" सून कडाडली. पुढे बरंच बोलायचं होतं तिला. पण तिनं जाळी नाकाजवळ नेली आणि तिचे डोळे भरून आले. "सांगायचं तरी होतं," ती म्हणाली. "मला काय आईंची आठवण येत नाही?"

मास्तरांनी जाळी परत घेतली. "उद्या त्या माणसाला बोलाव. आतलं सगळं धुऊ दे. हे मी धुतो."

सुनेनं खिडकी उघडली. मास्तर न्हाणीघरात गेले, जाळी नळाखाली धरली. पाणी पडताच वास असा उसळला की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. ओल्या अंगावरच्या पावडरचा तो वास होता, ती आत्ता आंघोळ करून निघाल्यासारखा. पांढरं पाणी मोरीकडे धावत होतं. ते हातानं अडवावं असं त्यांना वाटलं, पण त्यांनी नळ आणखी सोडला.

"आजोबा!" बाहेरून नात ओरडली. "आजीचा वास येतोय! कुठे आहे? कुठे आहे?"

ती धापा टाकत दाराशी पोचली, तोवर पाणी स्वच्छ झालं होतं.