जांभळी काच

खळ्‌कन आवाज झाला आणि प्रयोगशाळेसाठी वळवायला घेतलेली काचेची नळी धाकट्याच्या हातून पुन्हा तुटली.

"बास, दादा. हे काम माझ्या नशिबातच नाही. उद्यापासून गोदामावर जातो, राखणीला."

एरवी थोरल्याने "नाचता येईना अंगण वाकडं" म्हणत त्याची थट्टा केली असती. वर्षानुवर्षं तो हेच करत आला होता. आज मात्र जीभ उचलेना.

काच तापली की ज्योत भडक पिवळी होते आणि त्या झगझगाटात काचेची कडच दिसत नाही. त्यासाठी निओडिमियम ऑक्साइड मिसळलेल्या काचेचा चष्मा लागतो. तो नेमका पिवळा प्रकाश गिळतो. थोरल्याने धाकट्यासाठी तसा चष्मा हौसेने मागवला होता. पण धाकटा कामाला लागायच्या आदल्या दिवशी थोरल्याचा स्वतःचाच पडून फुटला. मग त्याने भावाचा कोरा चष्मा आपल्या नाकावर चढवला आणि भावाच्या खुंटीला उन्हात घालायचा साधा, फिकट निळा गॉगल अडकवला. नवा आज आणू, उद्या आणू, असं करत ते राहूनच गेलं. धाकट्याने खरा चष्मा कधी घातलाच नव्हता, त्याला काय कळणार! "काहीच दिसत नाही रे दादा," तो म्हणायचा. "होईल सवय," हा सांगायचा.

ट्यूबलाइटखाली दोन्ही काचा निळसरच दिसत. उन्हात मात्र खरी काच जांभळी होते. म्हणून चष्मा काढून ठेवल्याशिवाय थोरला दाराबाहेर पाऊल टाकत नसे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

"एवढ्या मळक्या काचांतून दिसणार तरी काय तुम्हाला?" तुटलेली नळी बघून असं म्हणत थोरल्याच्या बायकोने दोन्ही चष्मे उचलले आणि पायरीवर उन्हात धुवायला नेले.

"अहो, तुमचा जांभळा कसा झाला? भावजींचा तर निळाच आहे."

'कंपनी वेगळी असेल' हे उत्तर थोरल्याच्या ओठांवर तयार होतं. तेवढ्यात धाकट्याने घाम पुसायला हात वर केला. बोटांवर भाजल्याचे डाग होते, जुने आणि नवे. थोरल्याला स्वतःची शरम वाटली.

"जांभळा तुझा आहे," तो भावाला म्हणाला. "पहिल्या दिवसापासून तुझाच होता. मी ढापला."

धाकट्याने जांभळा चष्मा घातला, बर्नर पेटवला आणि नवी नळी ज्योतीत धरली. त्याचे हात थबकले.

"दादा, तुला रोज एवढं स्वच्छ दिसायचं?"

थोरल्याने निळा गॉगल डोळ्यांवर चढवला आणि तो समोर बसला. नुसता पिवळा झगझगाट होता. त्यात भावाची बोटं कुठे आहेत, तेसुद्धा दिसेना.