क्रुसाच्या वाटेवरचं सहावं स्थान

"दुपटी वाळली की घडी घालण्याआधी एकदा बोट फिरवून बघत जा," माखोझा मला म्हणाल्या होत्या. "बोट काळं झालं तर बाळाला उचल आणि माहेर गाठ."

माझा ल्वांडले तेव्हा तीन महिन्यांचा होता. मी हसले. पीटरमारित्झबर्गच्या कॉलेजात तीन वर्षं काढलेली मी, मला धुण्याबद्दल कोण शिकवणार? मी त्यांना समजावलं की साबण नीट खळबळून काढला नाही की कापडावर असे डाग राहतात. त्या "बरं" म्हणाल्या आणि पुन्हा तो विषय काढला नाही.

पाचव्या महिन्यात ल्वांडलेच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. झोपेत तर इतकी की मी दिवा लावून त्याच्या बरगड्यांकडे बघत बसायची. दवाखान्यातल्या नर्सने गाव विचारलं. क्वांताबेनी म्हटल्यावर तिने लिहिता लिहिता पेन थांबवलं. आज तिथलं हे चौथं मूल, म्हणाली. खाणीच्या कोळशाच्या धुळीपासून लांब ठेवा, एवढंच तिने सांगितलं आणि पुढच्या बाईला आत बोलावलं. घरी आल्यावर मी दोरीवरच्या दुपट्यावरून बोट फिरवलं. मग तेच बोट घेऊन, धुवायलाही न थांबता, माखोझांच्या दारात गेले.

त्यांनी बोटाकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. "ये. आणि ते पुसू नकोस, मला हवंय."

माखोझा सत्तरीच्या. चर्चच्या मागे, टेकडीच्या उतरणीवर एकट्या राहायच्या. मिशनच्या शाळेत लहानपणी एका सिस्टरने त्यांच्या हातात जाड लिनोलियमचा तुकडा आणि कोरणी दिली होती, तेव्हापासून त्या ठसे कोरत आल्या होत्या. आमच्या दगडी चर्चमध्ये वेदीच्या दोन्ही अंगांना त्यांचीच चित्रं आहेत. मारिया चुलीवर मक्याच्या पिठाचं फुथू ढवळतेय, योसेफ गुरांचा गोठा सारवतोय. गाव त्यांना मान द्यायचं आणि जरा टरकूनही असायचं, कारण त्या तोंडावर बोलायच्या.

त्या वर्षी गुड फ्रायडेसाठी त्या क्रुसाच्या वाटेची, म्हणजे येशूच्या वधस्तंभापर्यंतच्या चालीची, चौदा स्थानं कोरत होत्या. कापडावर छापून, काठ्यांना बांधून, प्रत्येक थांब्याला एक धरायचं असं ठरलं होतं. टेबलावर मुरंब्याच्या काचेच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या, आणि प्रत्येकीत काळी भुकटी. बाटल्यांवर घरांची नावं होती. बायकांनी आपापल्या खिडक्यांच्या कडेवरून, कपाटांच्या माथ्यावरून, पाळण्यांच्या दांड्यांवरून पुसून आणलेली धूळ. माखोझा ती जवसाच्या तेलात काचेवर घोटायच्या, तासन् तास, आणि त्याचीच शाई करायच्या.

मी दचकले. प्रभूचं चित्र आणि या घाणीत?

"त्याला टांगलं तेव्हा कुणी सुवासिक लाकूड आणलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "घोट. हात गोल फिरव, खसाखसा नको."

असं माझं तिथलं जाणं सुरू झालं. ल्वांडलेला पाठीला बांधून जायची. नवरा सेकुंडाला कामावर, महिन्यातून एकदा येणारा, त्यामुळे विचारणारं कोणी नव्हतं. त्या कोरायच्या, मी घोटायची, आणि आमचं बोलणं कुठल्या कुठे जायचं. देवाला सुंदर गोष्टी आवडतात का, की भुकेल्याला दिलेली वाटीभर अमासी, म्हणजे विरजलेलं दूध, तीच फक्त आवडते? मी म्हणायची, वाटी. त्या म्हणायच्या, वाटीसुद्धा स्वच्छ घासून दिलेली आवडते. एकदा मी रागाच्या भरात शाई जास्त लावली आणि ठसा नुसता चिखल झाला. त्यांनी तो फेकला नाही, माझ्यासमोर भिंतीला टाचला. राग खरा आहे, पण या चित्रात मला शिक्षा सुनावणारा पिलातही दिसत नाही आणि येशूही दिसत नाही, फक्त नोकुलुंगा दिसते, असं म्हणाल्या. नोकुलुंगा म्हणजे मी. मला लागलं. पण दुसऱ्या दिवशी मी शाई पातळ लावली.

एका शिपायाच्या चपलेचे पट्टे कोरण्यात त्यांनी अख्खी दुपार घालवली, तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, खाणीच्या फाटकावर उन्हात ते पट्टे बघणार कोण?

"फाटकावरचा पहारेकरी बघेल. त्याला दिवसभर दुसरं काम काय असतं?"

फाटकाची गोष्ट तोवर गावभर झाली होती. दरवर्षी आमची क्रुसाची वाट चर्चच्या आवारातून निघते, ओढ्यापर्यंत जाते आणि परत येते. यंदा माखोझांनी सुचवलं की सहावं स्थान खाणीच्या फाटकासमोर घ्यावं. चर्च मंडळाची बैठक बसली. मातासंघाच्या प्रमुख मामेयिवा पहिल्यांदा उठल्या. भरदार बाई, आवाज असा की त्यांच्यापुढे ऑर्गन दबायचा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. उपासना ती उपासना, मोर्चा तो मोर्चा. चर्चच्या नव्या छपराचे पत्रे खाणीने दिलेत हे विसरू नका. आणि ज्यांची पोरं तिथे कामाला आहेत त्यांनी काय करायचं? हे शेवटचं त्या हळू बोलल्या. त्यांचा धाकटा म्झामो तिथेच फाटकावर पहारेकरी होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

फादर तरुण. ते जमिनीकडे बघत होते. पत्रे मागणारं पत्र त्यांच्याच सहीने गेलं होतं.

माखोझा उठल्या नाहीत, बसूनच बोलल्या. "सहाव्या थांब्याला एक बाई गर्दीतून पुढे येते आणि मार खाणाऱ्याचं तोंड पुसते. आपण दरवर्षी ते गुडघे टेकून गातो. मग घरी जातो, आपल्या पोरांची नाकं पुसतो, फडकं काळं होतं, आणि आपण ते धुवून टाकतो. मला एवढंच वाटतं, एक वर्ष न धुता दाखवावं."

मागे कुणाचं तरी मूल खोकलं, आणि तो ल्वांडले नव्हता एवढं मला बरं वाटलं. मग फादर म्हणाले की क्रूस ते स्वतः उचलतील, आणि फाटकापर्यंत नेतील. मामेयिवा पर्स घेऊन निघून गेल्या.

पवित्र आठवड्यात माखोझांचं मनगट सुजलं. तेरा ठसे तयार होते, सहावा राहिला होता. त्यांनी कोरणी माझ्या हातात दिली. मी नको नको म्हणत होते. "तू सात आठवडे माझ्या हाताकडे बघतेयस," त्या म्हणाल्या, "आणि तुझी नजर पोलिसासारखी आहे. बस."

मी कोरलं. तोंड पुसणारी ती बाई, वेरोनिका, एका बाजूला, डोक्यापासून शालीत गुंडाळलेली, हातात फडकं, आणि तिला लागून एक शिपाई. येशूचा चेहरा मी ल्वांडले झोपलेला असताना कोरला, श्वास धरून. बुधवारी संध्याकाळी पहिला ठसा उचलला तेव्हा चूक दिसली. ठशात चित्र उलटं येतं. हे मला माहीत होतं, माखोझांनी किती वेळा सांगितलं होतं, आणि मी सुलटंच कोरलं होतं. वेरोनिका प्रभूचं तोंड डाव्या हाताने पुसत होती.

आमच्याकडे डाव्या हाताने कुणाला साधा पेलाही देत नाहीत. मोठ्यांना देताना उजवा हात पुढे आणि डावा त्याच्या कोपराला टेकलेला, हे मूल चालायच्या आधी शिकतं. मामेयिवांना आता वेगळं काही बोलायची गरजच उरली नव्हती. नवा लिनो नव्हता, आणि शहरातून आणून पुन्हा कोरण्याइतका वेळ नव्हता. मी रडायला लागले. त्या रडण्यात नुसता ठसा नव्हता, सात आठवड्यांची जागरणं होती.

माखोझांनी मला रडू दिलं. चहा ठेवला. मग कापडावर वाकून विचारलं, "हिचा उजवा हात कुठेय?"

शालीच्या आत, मी म्हटलं. तो मी कोरलाच नव्हता. शालीची जागा नुसती काळी होती.

"म्हणजे तिथं अजून जागा आहे. त्या हाताला काम दे. बाई डाव्या हाताने पुसतेय, तर उजवा कशात तरी गुंतलेला असणार ना. काय करतोय तो?"

मी कोरणी घेतली आणि शालीतून एक हात बाहेर काढला. सरळ, तळवा उघडा, शिपायाच्या छातीवर टेकलेला. ती त्याला थांबवून धरत होती, आणि दुसऱ्या हाताने पुसत होती. माखोझांनी ठसा उचलून खिडकीशी धरला. "हे मला सुचलं नसतं," त्या म्हणाल्या. कुणाच्याही कामावर त्यांनी असं म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. जुन्या चादरी तोवर संपल्या होत्या. शेवटचा ठसा आम्ही ल्वांडलेच्या दुपट्यावर काढला.

शुक्रवारी सकाळी हवेत गारवा होता. फादर क्रूस घेऊन पुढे, आम्ही मागे गात. मला वाटलं होतं पन्नास जण येतील. ओढ्याच्या वळणावर मागे पाहिलं तर टेकडीवरून अजून माणसं उतरतच होती. मामेयिवा होत्या, पण कडेने, ओठ मिटून चालत. पाठीवर ल्वांडले होता, त्याच्या तोंडावर मी ओलं फडकं टाकलं होतं, आणि त्याला आणलं हा शहाणपणा की मूर्खपणा हे पावलोपावली स्वतःला विचारत होते. घरी ठेवलं असतं तरी तो हीच हवा श्वासात घेणार होता.

फाटकाशी म्झामो एकटा उभा होता. गणवेश, टोपी, हातात वॉकीटॉकी. त्यातून कुणीतरी त्याला ओरडत होतं की लोकांना थांबू देऊ नकोस. तो दोन पावलं पुढे आला. फादर थांबले. मी काठी उंच धरली. दुपटं वाऱ्याने फडफडत होतं. म्झामोने ते पाहिलं, शिपायाच्या छातीवरचा हात पाहिला, आणि त्याला पुढे काय करावं ते कळेना.

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि मामेयिवा पुढे आल्या. मुलासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं आता त्या आम्हालाच मागे वळवणार.

"गुड फ्रायडे आहे, रे," त्या म्हणाल्या. "आईसमोर टोपी घालून काय उभा आहेस?"

त्याने टोपी काढली. वॉकीटॉकी टोपीत ठेवला, तो आतल्या आत बोलत राहिला. मामेयिवांनी पांढरा कडक इस्त्रीचा सदरा सावरला आणि त्या काळ्या मातीत गुडघे टेकले. मग सगळेच बसले. त्यांनीच गाणं उचललं, आणि मी आजवर चर्चमध्ये ऐकलेलं सगळं गाणं मला त्या दिवशी थोडं वाटलं.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी माखोझांकडे खाणीच्या बाजूने पांढऱ्या गाडीतून दोन माणसं आली. चित्रं कुणी केली, असं विचारत होती. माखोझांनी त्यांना चहा दिला, मीच केली म्हणाल्या, एकटीने. माझं नाव घेतलं नाही. मग दोघांनाही एकेक ठसा काढायला लावला. "एकाचा हात बरा आहे," त्या मला हसत सांगत होत्या. "सरळ माणूस असता तर शिकवलं असतं." मला हसू आलं नाही. गाडी गुरुवारी पुन्हा आली. शनिवारीही.

त्याच आठवड्यात ल्वांडलेला दोन रात्री दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि मी माहेरी एशोवेला निघून आले. माखोझांना म्हटलं, माझ्याबरोबर चला, आईची एक खोली रिकामी आहे. मी दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा हात जोडून. "आणि बाटल्यांतली धूळ? ती गोळा करायला एशोवेहून येऊ?" असं म्हणत त्यांनी ल्वांडलेच्या कपाळावर क्रूस काढला. पंधरावं चित्र सुरू केलंय, म्हणाल्या. येशू उठल्यावरच्या रिकाम्या कबरीचं.

इथे ल्वांडले शांत झोपतो. मी झोपत नाही. रविवारपासून माखोझांचा फोन नुसता वाजतो. कोरताना त्या फोन घेत नाहीत, हे मला ठाऊक आहे, पण चार दिवस कोणी कोरत नाही. फादर धर्मप्रांताच्या सभेला गेलेत, मामेयिवा लेकीच्या बाळंतपणाला. मला लगेच निघता येत नाही, बाळाला पुन्हा त्या हवेत न्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.

म्हणून तुम्हाला सांगतेय. तुमचं जाणं क्वांताबेनीवरून असेल, तर दगडी चर्चच्या मागच्या पायवाटेने खाली उतरा. तिसरं घर, निळं दार. जोरात वाजवा, आणि थांबा, त्यांना उठायला वेळ लागतो. दार उघडलं नाही तर खिडकीतून टेबलाकडे बघा, दिवा चालू आहे का, कोणी बसलंय का. बाहेर पांढरी गाडी उभी असली तरी माघारी वळू नका, उलट तेव्हा तर नक्कीच आत जा. आणि त्या दिसल्या, तर एवढंच म्हणा की नोकुलुंगाने पाठवलंय, फोन उचला.