ताईंची स्कूटर आणि मिस्त्रींची पेटी

मी एक जुनी स्कूटर आहे, मित्रांनो. 'जुनी' हा शब्द मी स्वतः वापरलेला चालतो. दुसऱ्या कुणी वापरला की माझं डोकं फिरतं. माझा रंग एके काळी निळा होता. आता त्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा, कारण माझा पुढचा पत्रा एका गाडीचा आहे, मागचा दुसरीचा आणि मधल्या भागाचा ताबा गंजाने घेतला आहे. हॉर्न वाजतो, ब्रेक लागतात. बाकीच्या चौकशा करू नयेत.

एका मोठ्या कारखान्यात, माझ्यासारख्याच बहिणींच्या रांगेत माझा जन्म झाला. माझे पहिले मालक चष्म्यांचे दुकानदार होते. चष्म्याच्या काचा पुसायच्या त्याच मऊ फडक्याने ते मला रोज पुसत. रस्त्यावरचे लोक थांबून बघत आणि मी उगाचच हँडल ताठ करून उभी राही. मग मालकांनी मोटार घेतली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. माझ्या सीटवर रद्दीचे गठ्ठे चढले, टायर खाली बसले आणि एका मांजरीने माझ्या पायाशी आपली तीन-चार बाळंतपणं उरकली. आता भंगारवाल्याचीच वाट बघायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर ताई राहायला आल्या. जिना चढता चढता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ही कुणाची हो?"

"अहो, ती चालत नाही," मालक म्हणाले.

"रोज नाही चालली तरी चालेल. कामाच्या दिवशी चालली म्हणजे झालं."

त्यांच्या कामाचे दिवस म्हणजे आठवड्याचे सगळे वार, हे मला मागाहून कळलं!

ताई माजी सैनिकांच्या मदत केंद्रात समाजसेविका होत्या. सैनिक निवृत्त होऊन घरी येतो तेव्हा थोडे दिवस त्याचं कौतुक होतं. मग सगळे आपापल्या उद्योगाला लागतात. बऱ्याच जणांचं छान बस्तान बसतं. काहींना मात्र घरातली शांतता सोसत नाही. झोप उडते, मन खचतं आणि आपण नसलो तर कुणाचं काय अडणार आहे, असले विचार डोकं वर काढतात. अशा माणसापर्यंत वेळेत पोचायचं आणि त्याला सोडायचं नाही, हे ताईंचं काम. डॉक्टर औषधाचं बघतात, कचेरी पेन्शनचं बघते, नातेवाईक जमेल तसं बघतात. पण हे सगळं मिळून एकच माणूस आहे, हे लक्षात ठेवायला कुणीतरी लागतं. ते म्हणजे ताई. आणि ताईंना पोचवायला कुणीतरी लागतं. ते म्हणजे मी.

मिस्त्रींच्या घरी आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी दारही उघडलं नव्हतं. फौजेच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी जन्मभर गाड्या दुरुस्त केल्या होत्या, म्हणून सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली. लेक परगावी. एका कानाने नीट ऐकू येत नसे. त्यांचा एक जुना सोबती केंद्रात येऊन सांगून गेला होता की, मिस्त्री हल्ली कुणालाच भेटत नाहीत.

"कोण आहे?" खिडकीतून आवाज आला.

"मदत केंद्रातून आले आहे, काका. जरा बोलायचं होतं."

"मी ठीक आहे."

"बरं झालं. मग पाच मिनिटं बसू का?"

"ठीक असलेल्या माणसाशी काय बोलायचं असतं?" आणि खिडकी धाडकन बंद.

ताई निमूट माझ्याकडे आल्या. त्यांनी किक मारली. मी खोकले. पुन्हा मारली. मी शिंकले. ताईंनी आता मला नवसाची असल्यासारखं गोंजारून आणखी एक किक मारली, आणि माझ्यातून असा काही फट्‌ आवाज निघाला की कुंपणावरचे पक्षी उडाले. घराचं दार ताडकन उघडलं.

"थांबा! थांबा म्हणतो ना! गाडी सुरू करताय की तिच्यावर सूड उगवताय?"

मिस्त्री तरातरा अंगणात आले आणि त्यांनी माझ्या इंजिनावर तळहात ठेवला. माणसांचं बोलणं त्यांच्या कानातून निसटत असे, पण इंजिनाचं दुखणं त्यांना हाताला कळे.

"हिला शेवटचं कधी दाखवलंत?"

"दाखवायची असते?" ताईंनी भोळेपणाने विचारलं.

मिस्त्रींनी आभाळाकडे पाहिलं. मग आतून एक लोखंडी पेटी घेऊन आले. मित्रांनो, काय ती पेटी! नटबोल्ट पिळायचे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलेले, प्रत्येकाला आपली जागा. तासाभराने माझा प्लग स्वच्छ झाला. दुरुस्त केलेली गाडी स्वतः चालवून बघितल्याखेरीज परत द्यायची नाही, हा वर्कशॉपचा नियम. त्या नियमाने ते मला घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन आले, आणि परत येताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. ते त्यांनी घाईघाईने पुसलं, पण ताईंनी बघायचं ते बघून घेतलं.

"आज फक्त प्लग झाला. कार्बोरेटरची पार वाट लागली आहे. पुढच्या आठवड्यात आणा," मिस्त्री म्हणाले.

"आणते की," ताई म्हणाल्या.

अशी आमची ये-जा सुरू झाली. माझ्या अंगात इतके आजार आहेत, याचा मला त्या दिवसांत पहिल्यांदाच अभिमान वाटला. एकेक दुखणं निघे आणि त्याच्या आडून ताई आपलं काम करून घेत. क्लचची केबल बदलताना डॉक्टरबाईंची वेळ ठरली. ब्रेक घट्ट करताना कानाच्या यंत्राचा अर्ज झाला. आणि सायलेन्सर उतरवला त्या दिवशी ताई त्या जुन्या सोबत्यालाच घेऊन आल्या. फौजेत ट्रक चालवलेले हे ड्रायव्हर काका म्हणजे मोठं बोलकं प्रकरण. त्यांचा आवाज ऐकायला कुठल्याच यंत्राची गरज नव्हती.

"या माणसाने माझ्या ट्रकचा गिअरबॉक्स मोडला," मिस्त्री ताईंना सांगत.

"मी मोडला? तू बसवलाच होतास उलटा!"

"आणि याची बदली झाली तेव्हा चार्ज देताना जॅक कमी! माझ्या सहीने घेतलेलं सामान!"

चार्ज म्हणजे काय ते ताईंना कळेना. मग ड्रायव्हर काकांनी छाती काढून समजावलं की, फौजेत माणूस ठाणं सोडून जायला निघाला की त्याने आपल्या ताब्यातलं सगळं सामान साफ करायचं, तेल लावायचं आणि दुसऱ्याला दाखवून त्याच्या ताब्यात द्यायचं. घेणाऱ्याने बघून सही केली की जाणारा सुटला. "आणि जॅक मी दिला होता," एवढं पुढे जोडायला ते विसरले नाहीत. तिघेही हसले. मीही हसले असते, पण माझा सायलेन्सर जमिनीवर पडला होता.

त्यानंतर मात्र मिस्त्रींचं काहीतरी बिघडत गेलं. कानाचं यंत्र आलं, पण खणात पडून राहिलं. डॉक्टरबाईंकडची फेरी चुकली, मग पुढचीही चुकली. लेकीचा फोन वाजत राही आणि ते उचलत नसत. माझ्यावर हात ठेवत, पण लक्ष दुसरीकडे असे. ताई आठवड्यातून एकदाऐवजी दोनदा जाऊ लागल्या. परतताना माझ्या हँडलवरची त्यांची पकड घट्ट असे, त्यावरून मला त्यांची काळजी कळे.

आणि मग एका दुपारी मिस्त्री एकदम प्रसन्न! गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, बोलणं शांत. त्यांनी ती लोखंडी पेटी उचलून आणली आणि माझ्या मागच्या सीटवर दोरीने बांधली.

"ही तुमच्याकडे राहू द्या, ताई. मला आता काय करायची आहे? एकदा बघून घ्या, सगळं आहे त्यात."

"अहो काका, ही तर तुमचा जीव की प्राण!"

"म्हणून तर तुम्हाला दिली."

ताईंचा आनंद गगनात मावेना. इतका आतल्या गाठीचा माणूस आपली सर्वांत लाडकी वस्तू देतो, म्हणजे आता गाडी रुळावर आली, असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटलं. पेटीच्या ओझ्याने माझी कंबर मोडत होती, तरी मी ऐटीत चालले होते. ताई चक्क गुणगुणत होत्या.

उतारावरच्या खड्ड्यात दोरी सुटली आणि पेटी रस्त्यावर आपटली. ताईंनी मला बाजूला उभं केलं आणि सामान गोळा करू लागल्या. एकूणएक पाना चकचकीत पुसलेला, तेल लावून कापडात गुंडाळलेला. आणि तळाशी एक पुडकं होतं. त्यात माझ्यासाठी नवा प्लग, क्लचच्या दोन केबली, ब्रेकचे गट्टू, किकची स्प्रिंग. मला पुढची कित्येक वर्षं जे जे लागलं असतं, ते सगळं त्यांनी आधीच आणून ठेवलं होतं. माझी केवढी ही काळजी, म्हणून मला भरून आलं.

ताई मात्र पांढऱ्याफटक पडल्या. त्या पुडक्याकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे पुढच्या वेळी काका नसणार."

त्यांनी तिथूनच ड्रायव्हर काकांना फोन लावला. "मिस्त्रींकडे निघा. आत्ताच्या आत्ता. कारण तिथे सांगते." मग मला वळवलं. मी वाऱ्यासारखी धावले असं सांगायला मला फार आवडलं असतं, पण पेटी पाठीवर आणि चढ समोर. मी माझ्याच चालीने धापा टाकत निघाले आणि ताई ओरडत होत्या, "चल गं बाई, चल!"

मिस्त्री अंगणातल्या पायरीवर बसले होते. त्यांना बघून ताईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पेटी सोडली, पायरीवर ठेवली आणि तिच्या पलीकडे स्वतः बसल्या.

"काका, हा चार्ज मी घेत नाही."

"कसला चार्ज?"

"पुसून, तेल लावून, 'बघून घ्या' म्हणून दिलेला. सही मिळणार नाही." मग त्या थोड्या थांबल्या. "मी सरळ विचारते. तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?"

असं कुणी तोंडावर विचारतं? मला वाटलं, आता मिस्त्री भडकणार. पण ताई शांत होत्या. विचारल्याने हा विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही, असलेलाच बाहेर पडायला वाट मिळते, असं त्यांनी ड्रायव्हर काकांना नंतर सांगितलं.

मिस्त्रींनी फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेले हात पुसत राहिले. झाडाची सावली माझ्या पुढच्या चाकावरून मागच्या चाकावर गेली.

"हो," मिस्त्री म्हणाले.

"सांगितलंत ते फार बरं केलंत. मी आता कुठेही जात नाही."

मग मिस्त्री रडले. इतक्या मोठ्या माणसाला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. "वर्कशॉपमध्ये गाडी सारखीच बिघडायला लागली की तिच्यावर 'रद्द' म्हणून शिक्का मारत," ते म्हणाले. "माझंही तेच झालं आहे."

"आणि ही?" ताईंनी माझ्याकडे बोट केलं. "हिच्यावर का नाही मारलात शिक्का?"

मिस्त्रींनी डोळे पुसून माझ्याकडे नीट बघितलं. "हिला अजून दुरुस्ती आहे."

"मग हिच्याहून का तुमची हालत वाईट आहे?"

मिस्त्रींना रडता रडता हसू फुटलं. दुसरी कुठली वेळ असती तर मी हा अपमान सहन केला नसता.

एवढ्यात ड्रायव्हर काका हाशहुश करत पोचले. सगळं ऐकून ते मिस्त्रींना टेकून बसले. ताईंनी विचारलं, घरात धोक्याचं असं काय आहे? जे होतं ते मिस्त्रींनी स्वतः दाखवलं, आणि ड्रायव्हर काकांनी ते नेऊन आपल्या घरी कुलपात ठेवलं. डॉक्टरबाईंनी त्याच दिवशी बोलावून घेतलं. रात्री मिस्त्री एकटे राहणार नव्हते. ड्रायव्हर काका आपली उशी घेऊनच आले.

दुसऱ्या दिवशी लेक आली, कडेवर बाळ घेऊन. "माझ्यावर तुमचं ओझं नको म्हणून फोन उचलत नव्हतात ना, बाबा? मग घ्या, ओझं कसं असतं ते बघा," असं म्हणून तिने ते गुटगुटीत बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. बाळाने लगेच आजोबांची मांडी ओली केली.

सगळं एका दिवसात सुरळीत झालं नाही. औषध बदलावं लागलं. मधे पुन्हा वाईट आठवडे आले, पण तेव्हा मिस्त्री स्वतः ताईंना फोन करत, "आज बरं नाही, या." कानाचं यंत्र खणात का पडलं, तेही कळलं. ते शिट्टी मारत होतं! ताईंनी ते नीट करून आणलं आणि मिस्त्रींना ड्रायव्हर काकांचा घोरण्याचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला. त्यावरून दोघांचं जे वाजलं, ते गिअरबॉक्सच्या भांडणाच्या वरचं होतं.

आता मी रस्त्यावर जात नाही. ताईंकडे नवी स्कूटर आहे. आवाज करत नाही, स्वभावाने बरी आहे. मी मिस्त्रींच्या अंगणात छपराखाली असते. रविवारी इथे बरेच माजी सैनिक जमतात. कुणी पंखा आणतो, कुणी शिलाई मशीन, आणि दुरुस्तीच्या निमित्ताने मनातलं बोलून जातो. लेकीचा मुलगा सुट्टीत आला की माझ्या सीटवर बसून तोंडाने ढुर्रर्र करतो. तो माझ्यापेक्षा चांगला आवाज काढतो, हे मी मान्य करते.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणी अचानक आपली लाडकी वस्तू देऊन टाकू लागलं, किंवा आपण नसलो तर बरं असं बोलू लागलं, तर नुसते आभार मानून घरी जाऊ नका. ते ओझं एकट्याने पोटात ठेवू नका. घरातल्या, शाळेतल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला लगेच जाऊन सांगा. आणि कुणाला मनापासून 'कसा आहेस?' असं विचारलंत, तर उत्तराची घाई करू नका. आमच्या मिस्त्रींना एवढंसं 'हो' म्हणायला फार वेळ लागला होता, आणि तेवढा सगळा वेळ ताई पायरीवरून उठल्या नव्हत्या.