चीफच्या अंगणातली करणी

रेबेकाच्या अंगणात अख्खं गाव लोटलं होतं. ब्रदर एल्काना करणी शोधायला खणलेल्या खड्ड्याच्या कडेला गुडघे टेकून बसला आणि त्याने खांद्यापर्यंत हात आत घातला.

"डोळे मिटा!" तो गरजला. "ज्याचे डोळे उघडे, त्याच्या डोळ्यांवाटे सैतान आत शिरेल!"

सगळ्यांनी डोळे मिटले.

"सापडली! हालेलुया!"

त्याच्या हातात चिखलाने माखलेली पुरचुंडी होती. सोडली तर आत हाड, केस आणि राख. बायका किंचाळल्या. रेबेका तर जागच्या जागी कोसळली. तिची सहा वर्षांची मुलगी तापाने जाऊन महिनाही झाला नव्हता.

आमच्या एमाऊ बेटावर रविवारी दोनदा चर्चची घंटा वाजते. पणजोबांच्या काळापासून आम्ही ख्रिस्ती. पण कुणी अवेळी गेलं की पहिला प्रश्न अजूनही तोच, "केलं कुणी?" मी इथल्या दवाखान्यातली नर्स. टायफॉइड आहे, विहिरीचं पाणी उकळून प्या, असं सांगून माझा घसा कोरडा पडला.

"नर्सबाई, पाणी तर सगळेच पितात. मग तिचीच पोर का गेली?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते लांबलचक होतं. एल्कानाचं उत्तर एका पुरचुंडीत मावत होतं.

तो राजधानीहून बोटीने आलेला. भर उकाड्यातही मनगटापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट. 'माझ्या नाकाला करणीचा वास येतो,' असं सांगत फिरायचा. आमच्या पास्टरना तो मुळीच पसंत नव्हता, पण गर्दी बघून ते गप्प होते.

"ही पुरली कुणी?" गावच्या चीफने विचारलं.

एल्कानाने नाक फेंदारलं, डोळे फिरवले. "आत्मा सांगतोय... म्हातारा आहे. पाला जाणणारा! चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसतो आणि मनात जुनी भुतं पुजतो. उद्या त्याच्या अंगणातून हिची जोडी काढतो, मग बघा!"

नाव घ्यायची गरजच नव्हती. झाडपाल्याचं औषध देणारा गावात एकच, काल्तोंगा. जमलेल्यांपैकी अर्धेअधिक लहानपणी त्याचाच काढा पिऊन उठलेले. तरी ठरलं, की उद्या पुरचुंडी निघाली की त्याचं घर जाळायचं आणि त्याला बेटावरून कायमचं हाकलायचं.

संध्याकाळी काल्तोंगाची सून लेइनाऊ दवाखान्यात आली. ती शाळेत शिकवते.

"नर्सबाई, त्याचा हात खड्ड्यात गेला तेव्हा मूठ आवळलेली होती. बाहीतून काहीतरी सरकवलं त्याने."

"तुला कसं दिसलं?"

"मी डोळे मिटलेच नाहीत. सैतान काही शिरला नाही. एल्काना मात्र दिसला."

"मग तिथेच ओरडायचं ना!"

"काल्तोंगाच्या सुनेचं कोण ऐकेल? म्हणतील, सासऱ्याला पाठीशी घालतेय. बोलून भागायचं नाही. करून दाखवायला हवं."

सकाळी फावडी घेऊन गाव तिच्या दाराशी आलं. एकाच्या हातात रॉकेलची बाटली होती. मिशनरी बायकांनी आमच्या पणज्यांना घालायला लावला, तोच फुलाफुलांचा, रुंद बाह्यांचा झगा घालून लेइनाऊ वाटेत उभी होती. मागे काल्तोंगा चटईवर बसून होता. पळून जा, असं त्याला कुणीतरी सुचवलंही होतं. तो हलला नव्हता.

"बाजूला हो, पोरी," चीफ म्हणाला.

"होते. पण चीफ, आज मलाही करणीचा वास येतोय."

"कुठून?"

"तुमच्या अंगणातून."

गर्दीत कुजबूज उसळली.

"हिच्या अंगात भूत बोलतंय!" एल्काना ओरडला.

"मग बरंच झालं की, ब्रदर! भुताला भुताची जागा ठाऊक असणारच. चला!"

चीफची पंचाईत झाली. नाही म्हणावं, तर लोक म्हणणार, काहीतरी लपवतोय. नीरफणसाखाली खड्डा खणला गेला. लेइनाऊने गुडघे टेकले आणि थेट एल्कानाच्या सुरात गरजली, "डोळे मिटा! सैतान शिरेल!"

सवयीने सगळ्यांचे डोळे मिटले. मी मात्र बघत होते.

"सापडली! हालेलुया!"

चिखल लागलेली, पानात बांधलेली पुरचुंडी. चीफची बायको रडायलाच लागली. "आम्ही काही केलं नाही हो! देवाशपथ!"

"रॉकेल कुणाकडे आहे?" लेइनाऊने विचारलं. "या पुढे. चीफचं घर जाळायचंय ना?"

कुणी जागचं हललं नाही.

"का? माझ्या मामंजींचं जाळायला तर धावत आलात. इथेही खड्डा आहे, पुरचुंडी आहे. आणखी काय हवं?"

तिने पान सोडलं. आतून वाफ आली. नारळाच्या दुधात शिजवलेल्या कोनफळाचा लापलाप! तिने एक घास तोंडात टाकला.

"पूर्वजांच्या काळची करणी, पण अजून गरम आहे. दंडाला चटका बसला माझ्या. मीठ जरा कमी पडलंय."

आधी मुलं हसली, मग बायका. लेइनाऊने बाही वर करून दंडावरचं इलॅस्टिक दाखवलं. सगळ्यांचे डोळे उघडे असताना तीच पुरचुंडी पुन्हा बांधून तिने बाहीतून सावकाश खड्ड्यात सरकवली आणि बाहेर काढली.

"आता ब्रदर, तुमच्या बाह्या."

"देवाच्या माणसाला हात लावाल, तर हात झडेल!"

इतके दिवस गप्प असलेले पास्टर पुढे झाले. "माझा झडू दे. तसाही म्हातारा झालोय." आणि त्यांनी स्वतः त्याच्या मनगटाचं बटण काढलं.

पुरचुंडी खाली पडली. हाड, केस, राख. काल्तोंगाच्या अंगणातून निघायची होती तीच.

दुपारच्या बोटीने एल्काना गेला. जातानाही शाप देतच होता.

रेबेका हसली नव्हती. "मग माझी पोर कुणी मारली?" तिने मला विचारलं.

"कुणीच नाही, रेबेका. विहिरीच्या वरच्या अंगाला आपल्या संडासांचे खड्डे आहेत. पावसात घाण झिरपून पाण्यात येते. कुणाला ताप बाधतो, कुणाला नाही."

"म्हणजे कुणाचाच दोष नाही?"

"आपल्या सगळ्यांचा आहे."

तिने तोंड फिरवलं. त्यानंतर बरेच दिवस ती दवाखान्याच्या वाटेलाही फिरकली नाही. मी तिला दोष देत नाही. ज्याचा द्वेष करता येईल असा माणूस तिला कुणीतरी दिला होता, आणि आम्ही तो काढून घेतला होता.

रिवाजाप्रमाणे गाव नव्या चटया घेऊन काल्तोंगाची माफी मागायला गेलं. त्याने चटयांना हात लावला नाही. "आधी विहिरीवरचे ते संडासांचे खड्डे बुजवा," म्हणाला. "मग या."

खड्डे बुजले. विहिरीचं पाणी आता उकळल्याशिवाय कुणी पीत नाही.

देव मानू नका, असं मी सांगत नाही. पास्टर मानतात, काल्तोंगा मानतो, लेइनाऊ रविवारी चर्चमध्ये सगळ्यांत मोठ्याने गाते. पण कुणी येऊन तुमच्या शेजाऱ्याकडे बोट दाखवलं, तर तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर पुरावा मागा. पुरावा मागितल्यावर जो शाप देतो, तो देवाचा माणूस नव्हे. आणि पुरावा न मागता जो काडी ओढतो, त्याला कुठलाच देव माफ करत नसावा.