दोननंतर पाच कसा?

मी बूटलोडर बोलतोय. नाव ऐकून कपाळाला आठ्या घालू नका. संगणकाचं बटण दाबलं की काळ्या पडद्यावर दोन ओळींची यादी येते आणि दहापासून उलटी मोजणी सुरू होते ना, तो मी. माझी नोकरी रोज दहा सेकंदांची. तेवढ्यात विचारायचं, कुणाकडे जायचंय? आणि सांगतील त्या प्रणालीच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या, हाती संगणक सोपवून बाजूला व्हायचं. पुढे दिवसभर माझी कुणाला आठवणही येत नाही.

माझा जन्म बाईंच्या हातून झाला. बाई वर्तमानपत्रासाठी शब्दकोडं रचतात. दर गुरुवारी दुपारी चारच्या आत कोडं संपादकांकडे पोचतं, एकोणीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. तापाने फणफणलेल्या असतानासुद्धा त्यांनी उशीला टेकून आडवे-उभे शब्द जुळवलेत. त्यांचे यजमान निवृत्त ग्रंथपाल. त्यांना बुद्धिबळाचा नाद. संगणक घरात एकच आणि दोघांच्या सवयी दोन टोकांच्या, म्हणून बाईंनी पुस्तकात वाचून वाचून डिस्कचे भाग पाडले. एक नंबर सामाईक, सुरुवातीच्या सामानाचा. दोन नंबर यजमानांच्या प्रणालीचा. तीन नंबरवर कच्चं काम. आणि चार नंबरवर बाईंची प्रणाली, त्यात त्यांचा सगळा शब्दसंग्रह. मग दारात मला बसवलं आणि यजमानांना बजावलं, "अहो, काय वाट्टेल ते करा, पण माझ्या चार नंबरला हात लावू नका."

त्यांनी शब्द दिला. आणि खरं सांगतो, तो पाळलाही.

झालं असं, की बुद्धिबळाच्या डावांच्या चित्रफिती साठवून साठवून ग्रंथपालांचा भाग गळ्यापर्यंत भरला. एका बुधवारी बाई बाहेर गेल्या असताना त्यांनी स्वतःच्याच दोन नंबरमधून एक तुकडा कापला आणि चित्रफितींसाठी वेगळा भाग केला. इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण नव्या भागाला नंबर मिळाला पाच, आणि त्याची जागा दोनच्या शेजारी. पडद्यावर यादी आली: एक, दोन, पाच, तीन, चार.

पस्तीस वर्षं पुस्तकांच्या पाठीवर नंबर लावलेला माणूस तो. 'दोननंतर पाच कसा?' म्हणून खुर्चीतल्या खुर्चीत चुळबुळ करायला लागले. एवढ्यात त्यांना एक सोय सापडली: नंबर क्रमाने लावा. त्यांनी दाबलं. एक, दोन, तीन, चार, पाच. चेहऱ्यावर काय समाधान पसरलं म्हणता! हात चोळत उठले आणि चहा करून प्यायले.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी, दीड वाजता बाईंनी बटण दाबलं. मी उठलो. माझं उरलेलं सामान चार नंबरमध्ये असतं, म्हणून चारचं दार ठोठावलं. आत कच्चं काम! माझी यादी नाही, माझी मोजणी नाही. मला पाठ होतं ते एवढंच, की चार. मी तिथेच बसकण मारली आणि पडद्यावर एक ओळ लिहिली: भाग ओळखता येत नाही. आता ना बाईंची प्रणाली उघडेना, ना यजमानांची.

"अहो, तुम्ही काही केलंत का?"

"मी? छे! मी तुझ्या चारला बोटसुद्धा लावलं नाही," ग्रंथपाल म्हणाले आणि कालचंच वर्तमानपत्र पुन्हा वाचायला लागले. तेही उलटं धरून.

बाईंनी मोबाइलवर दुरुस्तीच्या सूचना शोधल्या. 'तुमच्या भागाचा नंबर इथे लिहा,' असं त्यात होतं. त्यांनी चार लिहिलं. मी म्हटलं, ओळखता येत नाही. पुन्हा चार. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी एंटर इतक्या जोरात दाबलं, की कळफलक टेबलावर उडाला. अहो बाई, चारवर तुम्ही नाहीच आहात, असं ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण मला तेवढी अक्कल आणि तेवढं तोंड दोन्ही दिलेलं नाही.

पावणेतीनला बाईंनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो स्पीकरवर म्हणाला, "ताई, घेऊन या. सगळं पुसून नवीन टाकतो. संध्याकाळपर्यंत एकदम चकाचक."

 बाईंनी फोन ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या पडद्याकडे बघत राहिल्या. "एकोणीस वर्षांचे शब्द आहेत हो त्यात," एवढंच म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

वर्तमानपत्र खाली आलं. ग्रंथपाल उठले, आतल्या खोलीत गेले आणि एक वही घेऊन आले. नंबर बदलले की जुना आणि नवा समोरासमोर लिहून ठेवायची त्यांची जन्माची खोड. पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: जुना पाच, नवा तीन; जुना तीन, नवा चार; जुना चार, नवा पाच.

"अगं, मी फक्त नीट लावून ठेवलं होतं," ते इतक्या हळू म्हणाले, की मलाच जेमतेम ऐकू आलं.

बाईंनी वही पाहिली, मग यजमानांना पाहिलं. ती नजर माझ्यावर पडली असती, तर मी स्वतःहून पुसला गेलो असतो. मग त्यांनी पाच लिहिलं. माझी यादी दिसली, मोजणी सुरू झाली, दार उघडलं! सगळे शब्द जागच्या जागी होते. तीन चाळीसला कोडं संपादकांकडे गेलं.

"नंबर बदललेत त्याचा राग नाही," बाई म्हणाल्या. "दीड तास मला चार लिहू दिलंत, त्याचा आहे."

"मला वाटलं, तू पुन्हा कधी संगणकाला हात लावू देणार नाहीस."

बाई खुर्चीवरून उठल्या. "बसा इथे. याला नव्या नंबरासकट पुन्हा लिहायचंय, नाहीतर उद्या हाच तमाशा. मी सांगते, टाइप तुम्ही करा."

ते एका बोटाने टाइप करत होते. प्रत्येक अक्षर तीनदा वाचत होते. मागे बाई उभ्या होत्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. माझा दुसरा जन्म असा झाला. जुना मी पुसला गेलो, त्याचं दुःख नाही. इतकं जपून मला कुणीच लिहिलं नव्हतं.

आता माझं बरं चाललंय. माझी विनंती एवढीच: डिस्कला हात लावा, भाग पाडा, नंबर ओळीत लावा, पण लावलेत की लगेच सांगा. मी रागावत नाही, मला ते येतच नाही. बाईंना येतं, पण खरं सांगितलंत, तर पाच मिनिटांच्या वर त्यांनाही जमत नाही.